सात जणांची वही

दिवाळी जवळ आली की आमच्या माधवनगरात दोन तऱ्हांची बांधकामे सुरू होतात. एक अंगणात, दगडमातीचे. दुसरे घरात, पुठ्ठ्याचे आणि डिंकाचे. अंगणातला तो किल्ला. तो मुले बांधतात. घरातला तो शाळेचा ‘प्रकल्प’. तो बहुधा मुलांचे वडील बांधतात.

किल्ल्याचे काम एकदा उभे राहून पाहण्यासारखे असते. कोणी माती चाळतो, कोणी विटांचे तुकडे गोळा करतो, कोणी तटावर अळीव पेरतो. बुरूज उजवीकडे की डावीकडे यावरून मारामारीची वेळ येते, एकजण रुसून घरी जातो आणि अर्ध्या तासाने आपल्या घरचे मावळे घेऊन परत येतो, कारण मावळे त्याचे असले तरी सिंहासन दुसऱ्याचे असते. कोणी शिकवलेले नसते, कोणी गुण देणार नसतो. तरी संध्याकाळपर्यंत किल्ला उभा राहतो.

घरातल्या प्रकल्पाची तऱ्हा निराळी. “गटाने करा” अशी शाळेची सूचना असते. गटातली एक मुलगी लिहिते, एकाचे बाबा छापून आणतात, उरलेले चारजण वर्गणी देतात. सांगलीत जाऊन पाहिलेत तर काही दुकानांत “ज्वालामुखी हवा की सौरमाला?” असे विचारून तयार प्रकल्प हातात ठेवतात. शाळेत ‘छान’ असा शेरा मिळतो आणि ज्वालामुखी माळ्यावर जातो.

यात मास्तरांना दोष देण्यात अर्थ नाही. महाराष्ट्रात २०१० पासून पहिली ते आठवीच्या वर्गांना आकारिक मूल्यमापनाची पद्धत आली. तीत तोंडी काम, प्रयोग, उपक्रम यांच्या जोडीला प्रकल्प आणि गटकार्यही आले. हेतू उत्तमच होता. पण पन्नास-साठ मुलांचा वर्ग, त्यांचे नऊ-दहा गट आणि त्यांच्यावर लक्ष ठेवायला एक शिक्षक, तेही जनगणना आणि निवडणुकीच्या कामांतून उरले तर! मी स्वतः तीस वर्षे हायस्कुलात भूगोल शिकवला आहे, तेव्हा हे ऐकीव सांगत नाही.

मौज पुढेच आहे. ज्या पालकांनी सातवीत प्रकल्प करून दिला, तेच पालक मुलगा इंजिनियर झाला की त्याला ‘सॉफ्ट स्किल्स’च्या वर्गाला घालतात. चारचौघांत कसे बोलावे, दुसऱ्याचे कसे ऐकून घ्यावे, मतभेद झाला तर काम कसे पुढे न्यावे, हे तिथे फी घेऊन शिकवतात. हा शब्द म्हणे अमेरिकेच्या लष्करातून आला. १९७२ साली तिथे प्रशिक्षणाविषयी एक परिषद झाली. यंत्राशी संबंध येतो ते कौशल्य ‘कठीण’ आणि माणसांशी व कागदपत्रांशी येतो ते ‘मऊ’, अशी काहीशी विभागणी त्या मंडळींनी केली होती. ज्याने कधी सात मुलांना एका फितीने एक भिंत मोजायला लावले आहे, तो या कामाला मऊ म्हणणार नाही.

आपल्याकडे शब्द नव्हता, पण गोष्ट होती, आणि ती आमच्या शेजारीच होती. शेजारी तरी कसे म्हणावे? १९४९ पासून १९६० पर्यंत आमच्या जिल्ह्याचेच नाव दक्षिण सातारा होते. कर्मवीर भाऊराव पाटलांचे मूळ घराणे वाळवे तालुक्यातल्या ऐतवडे बुद्रुकचे. त्यांनी १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्याला शाहू महाराजांचे नाव मिळाले. मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान, सगळ्या जातींची मुले तिथे एका छपराखाली राहत, आळीपाळीने स्वयंपाक करीत आणि एका पंगतीला जेवत. शंभर वर्षांपूर्वीच्या साताऱ्यात ही केवढी गोष्ट होती ते आजच्या मुलांना समजावून सांगावे लागते. धान्य संपले तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, मंगळसूत्रसुद्धा, या मुलांसाठी काढून दिले, हे मात्र सगळ्यांना ठाऊक असते.

मला त्या वसतिगृहातली सर्वांत शहाणपणाची जागा वाटते ती चूल. भाकरी करपली तर ती सगळ्यांच्याच ताटात करपलेली येणार. जो पिठात पाणी जास्त घालील त्याला गुण कमी देण्याची गरज नाही. रात्री पंगतीला जो निकाल लागायचा तो लागतोच. पुढे १९४० साली निघालेल्या महाराजा सयाजीराव हायस्कुलात आणि १९४७ च्या छत्रपती शिवाजी कॉलेजात ‘कमवा आणि शिका’ याच पायावर उभे राहिले. शेतात राबून शिकलेली ती मुले पुढे गावोगाव हेडमास्तर झाली. त्यांच्यातल्या एकदोघांच्या हाताखाली मी काम केले. सभा कशी चालवावी, भांडण कुठे थांबवावे, हे त्यांना कुठल्या वर्गात जाऊन शिकावे लागले नव्हते.

अमेरिकेत किलपॅट्रिक या शिक्षणतज्ज्ञाने १९१८ साली ‘प्रकल्प पद्धती’वर निबंध लिहिला, त्यातही मुलाने मनापासून आणि हेतू धरून केलेल्या कामावर भर होता. आणि पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम काढला, तिथे आठवी ते दहावीची मुले शाळेतच वेल्डिंग, शेती, वीजजोडणी शिकतात आणि गावातल्या लोकांची खरी कामे करून देतात. गिऱ्हाईक समोर उभे असले की दार तिरके बसवून भागत नाही.

हे सगळे मला वाचून माहीत होते. प्रत्यक्ष करून पाहण्याची वेळ आली ती निवृत्तीनंतर, २०१९ साली.

त्या ऑगस्टात कृष्णेला जो पूर आला तो सांगलीकर विसरणार नाहीत. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फुटांची. पाणी ५७ फुटांच्या वर गेले. २००५ चा पूर मोठा म्हणत होतो, तो मागे पडला. माधवनगर तिथून तीन-चार किलोमीटरवर. कित्येकांचे नातलग सांगलीतून उठून आमच्या गावात येऊन राहिले होते. पाणी ओसरले, शाळा सुरू झाल्या आणि एका शाळेच्या मुख्याध्यापिकाबाई माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, “बाई, नववीला भूगोलाचा प्रकल्प आहे. एक गट तुम्ही घ्या. पुठ्ठा नको, एवढंच बघा.”

गटात सातजण होते. चार मुली, तीन मुलगे. विषय त्यांनीच ठरवला: सांगलीच्या गावभागातल्या एका गल्लीत प्रत्येक घरात पाणी किती चढले होते त्याची नोंद करायची. गटातल्या एका मुलीची आत्या तिथे राहत होती. गल्लीत अकरा घरे. मला वाटले, दोन रविवारांत काम होईल. लागले नऊ.

पहिला रविवार फीत कोणी धरायची यात गेला. मी विणकाम बरोबर नेले होते आणि आत्याबाईंच्या कट्ट्यावर बसून होते. चाळीस मिनिटे भांडण चालले. “बाई, तुम्हीच सांगा,” असे तीनदा झाले. “मला काय विचारता, प्रकल्प तुमचा,” असे तीनदा सांगितले. सांगते, तीस वर्षे वर्गात बोलून झाल्यावर गप्प बसण्याइतके अवघड काम दुसरे नाही. शेवटी त्यांनी चिठ्ठ्या टाकल्या.

याचा अर्थ देखरेख करणाऱ्याने नुसते विणत बसावे असा नाही. त्याच्या वाट्याला वेगळी कामे असतात आणि ती त्याने आधी करायची असतात. मी आदल्या दिवशी जाऊन अकराही घरी विचारून आले होते. पालकांच्या सहीची पत्रे घेतली होती. घाटाकडे कोणी जायचे नाही, विचारल्यावाचून फोटो काढायचा नाही, आणि नुकसानीचे आकडे आपण लिहायचे नाहीत, कारण आपण सरकारी माणसे नव्हे आणि उगीच कोणाला आशा लावू नये, एवढे नियम माझे. बाकी सगळे त्यांचे.

या गटात एक मुलगी पहिलीपासून पहिल्या नंबराची. अक्षर मोत्यासारखे, बोलणे चुरूचुरू. आणि एक मुलगा असा, की त्याचा आवाज मी पहिल्या रविवारी ऐकलाच नाही. वडील गवंडी. दुसऱ्या दिवशी तो एकटा माझ्या घरी आला आणि दारातच उभा राहून म्हणाला, “बाई, मला गटातनं काढा. मला बोलायला येत नाही.” मी म्हटले, “बोलायला सहाजण आहेत की. तू मोजायला ये.” तो आला.

मोजताना अडचण निघाली. एका घरात पाणी कमरेपर्यंत, शेजारच्या घरात डोक्याच्या वर. मुले गोंधळली. पहिल्या नंबराची म्हणाली, कोणीतरी चुकीचे सांगत असणार. तेव्हा हा मुलगा पहिल्यांदा बोलला. “खोटं नाही. जोतं वरखाली हाय. आमच्या अण्णांकडं लेव्हलची नळी हाय, ती आणतो.”

गवंड्यांची ही नळी वाचकांनी पाहिली असेल. पारदर्शक लांब नळी, तीत पाणी भरायचे, दोन टोके दोघांनी दोन भिंतींशी धरायची. दोन्हींकडे पाणी एकाच पातळीला राहते. मधे हवेचा बुडबुडा मात्र राहता कामा नये. पुढच्या रविवारी नळी आली आणि गटातली माणसांची मांडणीच बदलली. आता तो सांगत होता आणि पहिल्या नंबराची नळीचे टोक धरून उभी होती. गल्लीच्या तोंडाच्या देवळाची पायरी पाया धरून त्यांनी घरामागून घर पातळी नेली. अकरा उंबऱ्यांची उंची वहीत उतरली.

पण पाण्याची रेघ? ती बहुतेक घरांतून गेली होती. लोकांनी भिंती खरवडून, धुऊन रंग लावला होता. रेघ आता माणसांच्या आठवणीत होती, आणि तिथे फीत चालत नाही.

मुलांनी प्रश्नावली केली होती, छापील. पहिल्याच घरी पहिल्या नंबराच्या मुलीने स्वच्छ आवाजात विचारले, “पुरामध्ये आपले किती व कोणते नुकसान झाले?” दारातल्या बाई काही क्षण तिच्याकडे पाहत राहिल्या, “किती जणांना सांगायचं गं?” म्हणाल्या आणि दार लावून घेतले.

मुले कट्ट्यावर येऊन बसली. मुलीच्या डोळ्यांत पाणी होते. दुसरी म्हणाली, कागद खिशात ठेवायला हवा होता. तिसरा म्हणाला, आधी आपण कोण ते सांगायला हवे होते. कोणीतरी म्हणाले, उद्या माझ्या घरी कोणी असे विचारले तर? कितीतरी वेळ हे चालले. ही चर्चा मी वर्गात ‘संवादकौशल्य’ असे फळ्यावर लिहून घेतली असती तर पाच मिनिटांत संपली असती आणि सगळ्यांनी वहीत उतरून घेतली असती.

पुढच्या घरी त्यांनी गवंड्याच्या मुलाला पुढे केले. तो अवघडला, चपला काढल्या, ओसरीवरच्या म्हाताऱ्या बाईंजवळ खाली बसला आणि म्हणाला, “मावशी, गाळ काढायला किती दिवस लागले तुमास्नी?” तो स्वतः वडिलांबरोबर चार घरांतला गाळ काढायला गेला होता, म्हणून त्याला तो प्रश्न सुचला. मावशी तासभर बोलल्या. पाणी कुठून आत आले, प्रथम मोरीतून की उंबऱ्यावरून, रात्री किती वाजता, फडताळाच्या कितव्या फळीपर्यंत. उठून भिंतीवर हात ठेवून दाखवले: “हितं.” मुलीने वही मिटून ऐकले आणि बाहेर आल्यावर लिहिले. पुढच्या महिन्यात, दार लावून घेतलेल्या बाईंनी आपणहून हाक मारली. त्यांचीही रेघ मिळाली.

हिशेब पुरा झाला तेव्हा मुलांना जो आनंद झाला तो निकालाच्या दिवशीही मी पाहिलेला नाही. प्रत्येक घरातली रेघ जमिनीपासून वेगवेगळ्या उंचीवर, पण देवळाच्या पायरीपासून धरली तर सगळ्या रेघा दोनचार बोटांच्या फरकाने एकाच पातळीत! आणि आणखी एक गोष्ट निघाली. नदीपासून सर्वांत लांबचे घर, एका वृद्ध जोडप्याचे, सर्वांत सखल होते. तिथे रेघ जमिनीपासून सात फुटांवर. आयर्विनचा त्या दिवसाचा आकडा समोर ठेवून मुलांनी उलटा हिशेब केला आणि वहीत लिहिले: पुलाजवळ ५० फूट पाणी झाले, की आजोबांच्या उंबऱ्याला लागेल.

मग गुणांचा प्रश्न आला आणि पहिल्या नंबराच्या मुलीची आई माझ्याकडे आली. “बाई, रागावू नका. पण सगळं लिहिलंय हिनं. मग गुण सगळ्यांना सारखे कसे?” त्यांचा प्रश्न खोटा नव्हता. जिथे एकाने राबायचे आणि सहांनी नावे घालायची, तिथे हुशार मुलावर अन्याय होतोच आणि बाकीच्यांवर त्याहून जास्त होतो. म्हणून आम्ही आरंभीच ठरवले होते: निम्मे गुण सगळ्यांना सारखे, निम्मे ज्याचे त्याला. त्यासाठी त्या एकाच वहीत प्रत्येकाची पाने वेगळी होती. दर रविवारी मी काय केले, आणि माझे काम कोणामुळे सोपे झाले, हे दोनच मुद्दे लिहायचे. शेवटी तोंडी परीक्षेत प्रत्येकाला दुसऱ्याच्या कामावर प्रश्न. पहिल्या नंबराच्या मुलीला मी विचारले, नळीत बुडबुडा राहिला तर माप का चुकते? तिला सांगता आले नाही. तिने आठ दिवस मागून घेतले, त्या मुलाकडून नळी घेऊन आपल्या अंगणात प्रयोग केला आणि येऊन चोख सांगितले. त्या मुलाला मी तिने काढलेला तक्ता वाचायला लावला. तोही अडखळत वाचला. हे ऐकून आईंना सगळे पटले असे मी म्हणणार नाही. “बरं,” म्हणाल्या आणि चहा न घेता गेल्या.

असे गट सगळ्यांनाच जमतील असेही नाही. माझ्या हाताशी सात मुले आणि मोकळे रविवार होते. साठ मुलांच्या वर्गाला एवढी देखरेख कुठून आणायची? निवृत्त मंडळी प्रत्येक गावात आहेत. पेन्शन घेऊन वर्तमानपत्र वाचणाऱ्यांत गवंडीकाम, बँकेचा हिशेब, गिरणीतले यंत्र जाणणारी माणसे असतात. एकेकाने वर्षाला एक गट घेतला तर शाळांना त्याचा भार वाटणार नाही. पालकांनी मात्र डिंकाची बाटली मुलांच्या हातात देऊन दुसऱ्या खोलीत जाऊन बसावे.

ती मुले दहावीत गेली आणि कोरोनाने शाळाच बंद पडल्या. परीक्षा रद्द झाली, १६ जुलै २०२१ ला अंतर्गत मूल्यमापनावरून निकाल लागला. आठवडाभरात पुन्हा पावसाने धरले. कृष्णा चढू लागली. या खेपेला पाणी २०१९ इतके आले नाही, पण धोक्याच्या पातळीच्या बरेच वर गेले.

मी घरात बसून आयर्विनचे आकडे ऐकत होते. दोन दिवसांनी पहिल्या नंबराच्या मुलीचा फोन आला. चाळीस फूट झाल्याचे कळताच सातांपैकी पाचजणांनी एकमेकांना फोन केले होते. गवंड्याच्या मुलाने वडिलांना विचारून टेंपो ठरवला, वडील बरोबर गेले, आणि पाणी चढायच्या आत सखल घरातल्या आजी-आजोबांचे गहू, गादी, शिलाई मशीन आणि कागदपत्रांची पेटी त्यांच्या पुतण्याकडे वरच्या मजल्यावर नेऊन ठेवली. आजोबा आधी ऐकत नव्हते. नदी इतकी लांब आहे म्हणत होते. तेव्हा मुलाने त्यांच्या शेजारी बसून वही दाखवली.

“टेंपोचे सहाशे झाले बाई,” ती म्हणाली. “पाचजणांत वाटून घेतले. पावती वहीत लावलीय. आता तुमच्याकडं ठेवू का वही?”

मी म्हटले, तिथेच असू दे.